कांदा कोणत्या पेपरात येतो?

"राज्यशास्त्र घेऊन करणार काय?" बारावीच्या निकालानंतर कला शाखेकडे वळणाऱ्या प्रत्येक मुलामुलीला हा प्रश्न घरातूनच येतो. त्यावर "राज्यशास्त्र आणि आंतरराष्ट्रीय संबंध" असं उत्तर दिलं, तर घरचे आणखी गोंधळतात. पोरगं राजकारणात जाणार की परदेशात, हेच त्यांना कळत नाही.

माझा राग घरच्यांवर नाही, विद्यापीठांवर आहे. त्यांनी हे दोन विषय इतकी वर्षं असे तोडून ठेवले की दोन्ही मिळून एक शास्त्र होतं, हे सांगायलाच कुणी उरलं नाही. अनेक कॉलेजांत बी.ए.ची दोन वर्षं संविधान, शासनव्यवस्था, पक्ष आणि विचारवंत यांत जातात. जग येतं शेवटी, एका पेपरापुरतं. त्यात संयुक्त राष्ट्रांचे घटक, अलिप्ततावादाची वैशिष्ट्यं, सार्कचे सदस्य. पाच मुद्दे पाठ करा, दहा गुण घ्या, पुढे चला.

माझं म्हणणं सरळ आहे. राज्यशास्त्र आणि आंतरराष्ट्रीय संबंध यांची पदवी एकच असावी. पहिल्या सत्रापासून दोन्ही एकत्र शिकवावेत. आणि हे पुण्या-मुंबईच्या महागड्या खासगी विद्यापीठांपुरतं न ठेवता निफाडच्या, देवगडच्या, काटोलच्या कॉलेजात व्हावं. तिथे ते जास्त गरजेचं आहे. का, ते सांगतो.

आधी कांदा.

डिसेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारने कांद्याची निर्यात बंद केली. मुदत होती ३१ मार्च २०२४ पर्यंत. ती नंतर वाढवली. लोकसभेचं मतदान सुरू असताना, ४ मे २०२४ रोजी, बंदी उठली. पण टनाला ५५० डॉलर किमान निर्यात मूल्य आणि ४० टक्के निर्यात शुल्क मागे ठेवूनच. मधल्या काळातही दार पूर्ण बंद नव्हतं. मार्चमध्ये बांगलादेशला ५०,००० टन आणि संयुक्त अरब अमिरातीला १४,४०० टन कांदा द्यायला परवानगी मिळाली. हा माल नॅशनल को-ऑपरेटिव्ह एक्स्पोर्ट्स लिमिटेड या संस्थेमार्फत जायचा होता. म्हणजे कुणाला कांदा द्यायचा हे बाजाराने ठरवलं नाही, दोन सरकारांच्या संबंधांनी ठरवलं. एप्रिलच्या शेवटी २,००० टन पांढऱ्या कांद्याला निर्यातीची मुभा मिळाली. हा कांदा मुख्यतः गुजरातचा. नाशिक जिल्ह्यात लाल कांदा कवडीमोलाने विकणाऱ्यांचा संताप झाला. जूनमध्ये निकाल लागला, तेव्हा दिंडोरीतून केंद्रातल्या राज्यमंत्री पराभूत झालेल्या होत्या. त्या प्रचारात कांदा किती होता, हे तिथल्या कुठल्याही बाजार समितीत विचारा.

आता हा धडा कोणत्या पेपरात बसवायचा?

शेती हा राज्यसूचीतला १४ व्या क्रमांकाचा विषय. परकीय देशांशी करार हा संघसूचीतला १४ व्या क्रमांकाचा, आणि आयात-निर्यात संघसूचीतच ४१ व्या क्रमांकावर. म्हणजे पिकवायचं राज्याच्या अखत्यारीत आणि सीमेपार विकायचं केंद्राच्या मर्जीवर. हा झाला संविधानाचा भाग. शहरातल्या ग्राहकांची मतं उत्पादकांच्या मतांपेक्षा कितीतरी जास्त, म्हणून भाव चढले की निर्यातीवर घाव. हा निवडणुकीच्या राजकारणाचा भाग. ऑक्टोबर २०१९ मध्ये बांगलादेशच्या तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीना दिल्लीत आल्या, तेव्हा भारताने नुकतीच अशीच बंदी घातली होती. त्यांनी भर कार्यक्रमात तक्रार केली, की आधी कळवलं असतं तर आम्ही दुसरीकडून सोय केली असती. हा परराष्ट्र संबंधांचा भाग. आपण पुरवठा तोडला की ते गिऱ्हाईक पाकिस्तानकडे, चीनकडे वळतो, आणि एकदा वळलेलं गिऱ्हाईक परत आणणं अवघड असतं. हा आंतरराष्ट्रीय अर्थकारणाचा भाग. एकच घटना. आपल्या अभ्यासक्रमात तिचे चार तुकडे होतात, आणि ते चार तुकडे एकाच विद्यार्थ्याच्या हातात एकाच वेळी कधीच पडत नाहीत.

ज्या मुलीच्या घरी चाळीत कांदा सडला, तिला कॉलेजने हे चार तुकडे जोडून दाखवायचे नसतील, तर तिने राज्यशास्त्र शिकायचं कशासाठी?

दुसरं उदाहरण गोव्याचं. मराठी माणसाने ते पाठ्यपुस्तकात वाचलेलं आहे. पण अर्धंच.

गोव्याआधी, जुलै १९५४ मध्ये दादरा आणि २ ऑगस्टला नगर हवेलीतलं सिल्वासा पोर्तुगीजांच्या हातून सुटलं. लढणाऱ्यांत आझाद गोमंतक दलाचे तरुण होते आणि पुण्या-मुंबईहून गेलेले स्वयंसेवकही होते. संगीतकार सुधीर फडके त्यांतलेच. इथवर सगळ्यांना माहीत असतं. पुढचं विचारा. पोर्तुगाल डिसेंबर १९५५ मध्ये संयुक्त राष्ट्रांचा सदस्य झाला आणि त्याच महिन्यात त्याने भारताला हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात खेचलं. दमणहून दादरा नगर हवेलीत जायला भारताच्या भूमीतून वाट मिळणं हा आमचा हक्क आहे, असा त्याचा दावा. १२ एप्रिल १९६० रोजी निकाल लागला. सामान्य माणसं, मुलकी अधिकारी आणि माल यांच्यापुरता हक्क मान्य झाला. सैन्य, सशस्त्र पोलीस आणि शस्त्रं यांना नाही. आणि भारताने काही भंग केलेला नाही, हेही न्यायालयाने सांगितलं.

या सगळ्या काळात दादरा नगर हवेली पोर्तुगालच्या ताब्यात नव्हती आणि भारतातही नव्हती. तिथला कारभार वरिष्ठ पंचायत चालवत होती. ऑगस्ट १९६१ मध्ये विलीनीकरणाची वेळ आली. करार करायला दोन्ही बाजूंना अधिकार असलेली माणसं लागतात. भारताच्या बाजूने पंतप्रधान नेहरू. समोर कोण? मग भारतीय प्रशासकीय सेवेतले के. जी. बदलानी यांना एका दिवसापुरतं दादरा नगर हवेलीचं पंतप्रधान केलं गेलं. त्यांनी त्या नात्याने सही केली आणि दहाव्या घटनादुरुस्तीने तो प्रदेश भारतात आला.

सार्वभौमत्व म्हणजे काय, मान्यता म्हणजे काय, करार करण्याची पात्रता कुणाला, घटनादुरुस्ती कशासाठी लागते: पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला हे सगळं शिकवायला बदलानींची ती एक सही पुरेशी आहे. व्याख्या घोकून घेण्याची गरजच उरत नाही.

पुढे या. डिसेंबर १९६१ मध्ये भारतीय सैन्य गोव्यात शिरलं. सुरक्षा परिषदेत भारताने माघार घ्यावी असा ठराव आला. सात मतं बाजूने, चार विरोधात, आणि सोव्हिएत युनियनच्या नकाराधिकाराने तो पडला. बाराव्या घटनादुरुस्तीने गोवा भारताचा भाग झाला. १६ जानेवारी १९६७ रोजी गोव्यात जनमत कौल झाला: महाराष्ट्रात विलीन व्हायचं की केंद्रशासित राहायचं? वेगळं राहण्याला १,७२,१९१ मतं, विलीनीकरणाला १,३८,१७०. आणि पोर्तुगालने भारताचं सार्वभौमत्व मान्य करणारा करार केला तो ३१ डिसेंबर १९७४ रोजी, लिस्बनमधली हुकूमशाही कोसळल्यावर. तेव्हा भारताचे परराष्ट्रमंत्री होते यशवंतराव चव्हाण. गोव्यात सैन्य शिरलं त्या वेळी हेच चव्हाण महाराष्ट्राचे मुख्यमंत्री होते.

आज हा इतिहास कसा शिकवला जातो? मुक्तिसंग्राम इतिहासात, नकाराधिकार आंतरराष्ट्रीय संबंधांत, घटनादुरुस्ती संविधानात, जनमत कौल प्रादेशिक राजकारणात. लिस्बनमधली क्रांती कुठेच नाही. विद्यार्थी चारही पेपर पास होतो आणि गोवा त्याला कळलेला नसतो.

हे एकत्र शिकवणं ही पाश्चात्त्यांची फॅशन आहे, असं म्हणणारेही भेटतात. त्यांनी जरा आपलीच पुस्तकं उघडावीत. अर्थशास्त्रात कौटिल्याने राज्याची सात अंगं सांगितली: स्वामी, अमात्य, जनपद, दुर्ग, कोश, दंड आणि मित्र. सातवं अंग पाहा. मित्र म्हणजे शेजारचं किंवा दूरचं दुसरं राज्य. ते त्याने राज्याच्या शरीरातच मोजलं. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात वतनांचा विचार आहे, किल्ल्यांचा आहे, आरमाराचा आहे आणि टोपीकरांचाही, म्हणजे युरोपीय व्यापाऱ्यांचाही आहे. हे लोक इतर सावकारांसारखे नाहीत, त्यांच्यामागे राजे आहेत, त्यांना समुद्रकाठी पाय रोवू देऊ नका, हा त्यातला इशारा. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला मराठीत राज्यकारभार आणि परराष्ट्रव्यवहार एकाच ग्रंथात बसत होते. आज ते एका पदवीत बसत नाहीत.

पाश्चात्त्यांचं सांगायचं तर, वेल्समधल्या ॲबरिस्टविथला आंतरराष्ट्रीय राजकारणाचं पहिलं अध्यासन १९१९ मध्ये सुरू झालं. पहिल्या महायुद्धाचा संहार पाहून, पुन्हा असं होऊ नये यासाठी. आपल्याकडे जादवपूर विद्यापीठाने १९५६ मध्ये आंतरराष्ट्रीय संबंधांचा विभाग काढला. दिल्लीत १९५५ मध्ये सुरू झालेली इंडियन स्कूल ऑफ इंटरनॅशनल स्टडीज १९७० मध्ये जेएनयूत विलीन झाली. कोलकात्याने आणि दिल्लीने हे केलं, तेव्हा पुण्यात गोखले अर्थशास्त्र संस्थेला पाव शतक उलटलं होतं. १९३० च्या या संस्थेच्या नावात राजकारण आणि अर्थशास्त्र दोन्ही शब्द आहेत. विषय जोडून पाहण्याची सवय आपल्याला नवी नव्हती. आपण ती पदवीच्या वर्गापर्यंत नेली नाही.

या जोडणीला सिद्धान्ताचाही आधार आहे. रॉबर्ट पटनम या अमेरिकी अभ्यासकाने १९८८ मध्ये मांडलं, की वाटाघाटी करणारा नेता एकाच वेळी दोन टेबलांवर बसलेला असतो. एका टेबलावर परदेशी सरकार, दुसऱ्यावर स्वतःचा पक्ष, संसद आणि मतदार. आपल्या अणुकराराला हे तंतोतंत लागू पडतं. वॉशिंग्टनशी बोलणी झाली, पण खरी कसोटी दिल्लीत लागली. जुलै २००८ मध्ये डाव्यांनी पाठिंबा काढला, आणि २२ जुलैला लोकसभेत सरकार २७५ विरुद्ध २५६ असं तरलं. याच बोलण्यांच्या काळात अमेरिकेने भारतीय आंब्याला दार उघडलं. २००७ मध्ये निघालेल्या पहिल्या पेट्यांवर विकिरण प्रक्रिया झाली ती लासलगावच्या केंद्रात. मूळ कांद्यासाठी उभारलेल्या केंद्रात. आंबा, अणुभट्टी आणि विश्वासमत एकाच गोष्टीत येतात, हे देवगडच्या मुलाला कुणीतरी सांगायला हवं.

तिस्ता नदीचंही तेच. सप्टेंबर २०११ मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग ढाक्याला निघाले, मसुदा तयार होता, आणि पश्चिम बंगालच्या तेव्हाच्या मुख्यमंत्री ममता बॅनर्जींनी ऐन वेळी हात काढून घेतला. पाणीवाटप अडलं ते आजतागायत. संघराज्य न शिकलेल्या माणसाला हे परराष्ट्र धोरण कळणार नाही. आणि बांगलादेश न शिकलेल्याला हे संघराज्य कळणार नाही.

आता आक्षेप. पहिला आणि वजनदार: दोन्ही एकत्र केले की दोन्ही अर्धवट राहतील. हा धोका खरा आहे. नुसतं नाव बदलून, जुन्या पेपरांवर 'जागतिक' शब्द चिकटवून पदवी काढली, तर तसंच होईल. म्हणून या पदवीला कणा हवा. संविधान पक्कं हवं. अर्थशास्त्राचं एक वर्ष सक्तीचं हवं, कारण निर्यात शुल्क म्हणजे काय हे न कळता परराष्ट्र धोरण कळत नाही. आकडे वाचता यायला हवेत. एक परकीय भाषा हवी. पुण्याच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये जर्मन, फ्रेंच, रशियन, जपानी कित्येक वर्षं शिकवल्या जातात. ते वर्ग राज्यशास्त्राच्या विद्यार्थ्याच्या श्रेयांकात धरा. नव्या शैक्षणिक धोरणातल्या मेजर-मायनर रचनेत याला जागा आहे. पण अनेक कॉलेजांत मायनर ठरतो तो कुठल्या शिक्षकाचा तास रिकामा आहे यावर. हे थांबवा.

दुसरा आक्षेप नोकरीचा. तो टाळणारा माणूस प्रामाणिक नाही. भारतीय परराष्ट्र सेवेत एकूण अधिकारी हजाराच्या आसपास, त्यामुळे पदवी घेतली आणि राजदूत झालो असं होत नाही. पण जग तेवढंच नाही. युरोपने २०१० मध्ये क्लोरमेक्वाटच्या अंशामुळे आपली द्राक्षं अडवली, तेव्हा बागायतदाराला बागेत लिहोसिन म्हणून वापरलेलं औषध परदेशातल्या कायद्यात कुठे बसतं, हे सांगणारा माणूस हवा होता. विदर्भातल्या संत्र्यावर बांगलादेशने आयात शुल्क वाढवत नेलं, तेव्हाही हवा होता. महाराष्ट्र सरकारने २०२४ मध्ये जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला. त्याची कलमं वाचून तिकडे निघालेल्या नर्सला तिचे हक्क समजावणारा माणूस आजही हवा आहे. निर्यातदार संस्था, शेतकरी उत्पादक कंपन्या, वर्तमानपत्रं, वकिली, खासदारांची अभ्यास-टिपणं, पुण्या-मुंबईतल्या धोरणसंस्था: या सगळ्यांना घर आणि जग दोन्ही वाचणारी माणसं लागतात. पदवी नोकरी हातात देत नाही. पण ही पदवी नोकरीलायक नजर नक्की देते.

तिसरी गोष्ट आक्षेपाची नाही, लाजेची आहे. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या परीक्षेत 'राज्यशास्त्र आणि आंतरराष्ट्रीय संबंध' हा एकच वैकल्पिक विषय आहे. दोन पेपर, प्रत्येकी २५० गुण, आणि उत्तरं मराठीतही लिहिता येतात. आयोगाला जे एकत्र दिसलं ते आपल्या अभ्यास मंडळांना दिसलं नाही. परिणाम काय? जी सांगड कॉलेजने तीन वर्षांत घालून दिली नाही, ती पुण्याच्या पेठांतले क्लास काही महिन्यांत, हजारो रुपये घेऊन, छापील नोट्समधून विकतात. ज्याच्या बापाकडे पैसे आहेत त्याला ती मिळते. बाकीचे गाईड वाचतात.

आणि मराठीत पुस्तकं? संविधानावर मराठीत भरपूर आहे, महाराष्ट्राच्या राजकारणावर य. दि. फडके यांच्यापासून सुहास पळशीकरांपर्यंत भक्कम लेखन आहे. जगाबद्दल मात्र हात आखडतो. चीन, आखाती देश, हवामान करार, जागतिक व्यापार संघटनेतलं शेतीचं भांडण यांवर पदवीच्या मुलाला पुरेल असं मराठी वाचन तुटपुंजं आहे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या अब्दुललाटहून परराष्ट्र सेवेत गेलेल्या ज्ञानेश्वर मुळ्यांनी मराठीत लिहिलं. विजय गोखल्यांसारखा पुण्याशी नातं असलेला माजी परराष्ट्र सचिव चीनबरोबरच्या वाटाघाटींवर इंग्रजीत पुस्तक लिहितो. ते मराठीत वर्गात पोहोचवणं हे विद्यापीठाचं काम आहे. मराठीला अभिजात दर्जा मिळाल्याचे सत्कार झाले. आता तिच्यात सुरक्षा परिषद, विनिमय दर आणि कार्बन कर शिकवून दाखवा.

खर्चाचं कारण कुणी पुढे करू नये. या पदवीला प्रयोगशाळा लागत नाही. लागतात चांगले नकाशे, संसदेच्या चर्चांची आणि अधिसूचनांची मूळ कागदपत्रं, जी आता मोफत वाचता येतात, आणि वाचून तासाला येणारा शिक्षक. शेवटचा सर्वांत दुर्मीळ आहे, कारण आपण कायम जागा भरतच नाही आणि तासिका तत्त्वावरच्या माणसाकडून पाच पेपर ओढून घेतो. भरती करा. तिच्याशिवाय वरचं सगळं कागदावर राहील.

म्हणून राज्यातल्या प्रत्येक विद्यापीठाच्या अभ्यास मंडळाकडे माझी मागणी आहे. पुढच्या बैठकीच्या कार्यपत्रिकेवर ही पदवी घ्या. पहिल्या सत्रात संविधानासोबत शेजारी देश ठेवा. प्रत्येक विद्यार्थ्याने आपल्या जिल्ह्यातलं एक पीक, एक कारखाना किंवा स्थलांतराची एक वाट घेऊन ती जगाशी कुठे जोडली आहे हे शोधावं, आणि ते मराठीत लिहावं. मतदार म्हणून अठराव्या वर्षी आपण त्याला सरकार निवडायला सांगतो. ते सरकार त्याच्या नावाने जगाशी करार करतं, बंदी घालतं, मैत्री तोडतं आणि जोडतं. त्या सगळ्याचा जाब विचारता येईल इतकं शिक्षण त्याला त्याच्या गावापासून बसच्या अंतरावर मिळणं हा त्याचा हक्क आहे, आणि तो द्यायला विद्यापीठांनी आधीच फार उशीर केला आहे.